तीव्र अँग्झायटीवर उपचार कसे घ्यावेत: परळच्या एका केमिस्टकडून

माझं परळला औषधांचं दुकान आहे. आधी वडील बघायचे, आता मी बघते. केईएम, टाटा, वाडिया ही हॉस्पिटलं सगळी चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे दिवसभर हरतऱ्हेच्या चिठ्ठ्या हातात येतात. मानसोपचाराची चिठ्ठी मी न उघडताच ओळखते. ती चार घड्या घालून दिलेली असते आणि देणारा माणूस गर्दी ओसरेपर्यंत बाजूला टूथपेस्ट बघत उभा असतो.

या काउंटरवर एक उलटा प्रकार मी वर्षानुवर्षं बघते आहे. अँग्झायटीच्या उपचारात जी गोळी महिनोन्महिने घ्यायची असते आणि जिची नशेसारखी सवय लागत नाही, तिला लोक घाबरतात. "मॅडम, ही कायमची मागे लागणार ना?" असं विचारून अर्धीच स्ट्रिप नेतात. जिची खरोखर सवय लागते ती मात्र बिनधास्त मागतात. "ती छोटी गोळी द्या ना, शेजारच्या काकूंना लगेच फरक पडला." पुढचं बरंचसं लिखाण हा घोळ निस्तरण्यासाठी आहे. थेरपी, डॉक्टर, खर्च याबद्दलही लिहिते, कारण माझा धाकटा भाऊ या सगळ्यातून गेला आहे. "नाव टाकू नकोस, बाकी काय लिहायचं ते लिही ताई," असं तो म्हणाला आहे.

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

आधी तातडीचं

जीव नकोसा झाला असेल, मरणाचे विचार येत असतील, तर पुढचं वाचायला थांबू नका. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. किंवा कोणाला तरी बरोबर घेऊन जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, तिथे रात्रीही डॉक्टर असतात. घरातल्या गोळ्यांचा डबा तेवढे दिवस दुसऱ्याच्या ताब्यात द्या.

दुसरं, छातीत दुखण्याचं. पॅनिक अटॅक आणि हार्ट अटॅक यातला फरक घरी बसून ओळखता येत नाही. पहिल्यांदाच होत असेल, वय चाळिशीपुढचं असेल, शुगर किंवा बीपी असेल, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटला असेल, तर १०८ ला फोन करा किंवा कॅज्युअल्टी गाठा आणि ईसीजी काढून घ्या. ईसीजी नॉर्मल आला म्हणून कोणी हसलं तर हसू दे.

तीव्र म्हणजे किती

इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री पोटात गोळा येणं हा आजार नाही. सहा महिने बहुतेक रोज कसली ना कसली काळजी डोक्यात फिरते, ती थांबवू म्हटलं तरी थांबत नाही, झोप मोडते, मान आणि खांदे आखडतात, लहानसहान गोष्टींवर चिडचिड होते, हा एक प्रकार. अचानक धडधड, गुदमरल्यासारखं, हातापायांना मुंग्या, "आता मी मरणार किंवा वेडा होणार" अशी खात्री, आणि दहाएक मिनिटांत हे सगळं टोकाला जाऊन मग ओसरणं, हा पॅनिकचा प्रकार. चारचौघांत तोंड उघडायचीच धास्ती, हा तिसरा.

डॉक्टर बऱ्याचदा जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची चाचणी देतात. मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, शून्य ते एकवीस गुण असतात आणि पंधरा किंवा त्यावर असतील तर तीव्र धरतात. ही चाळणी आहे, निदान नाही. माझा स्वतःचा विश्वास दुसऱ्या मापावर जास्त आहे: माणसाने काय काय टाळायला सुरुवात केली आहे? भाऊ बोरिवलीला राहतो, नोकरी लोअर परळला. फास्टने दादर आणि तिथून स्लो, असा त्याचा ठरलेला प्रवास. आधी त्याने फास्ट सोडली, कारण बोरिवली सुटली की अंधेरीपर्यंत उतरायची सोय नाही. मग स्लोमध्येही मध्येच उतरायला लागला. मग टॅक्सी, ज्यात पगाराचा लचका जाऊ लागला. मग "तब्येत बरी नाही" म्हणून घरून काम. मग वाणसामान आणायलाही वहिनी. प्रत्येक वेळी टाळलं की त्याला हायसं वाटायचं, आणि त्या हायसं वाटण्यावरच हा आजार पोसला जातो. टाळण्याची यादी वाढते आहे असं दिसलं की गुणांची वाट न बघता डॉक्टर गाठा.

शरीराच्या तपासण्या करून घ्या

थायरॉइड वाढलेलं असलं की धडधड, हात कापणं, झोप उडणं, सगळं अँग्झायटीसारखंच दिसतं. म्हणून टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, हवीच. त्याबरोबर हिमोग्लोबिन, शुगर, बी-१२ आणि डॉक्टर म्हणाले तर ईसीजी. दम्याचा पंप जास्त वापरला जात असेल, स्टेरॉइड चालू असतील, दिवसाला सहा-सात कटिंग आणि वर एनर्जी ड्रिंक असेल, तर तेही सांगा. दारू संध्याकाळी शांत करते आणि उतरताना पहाटे दुप्पट घाबरवते. हा पहाटेचा हिशोब फार थोडे लोक लावतात.

मात्र एकदा तपासण्या नॉर्मल आल्या की त्यांचा नाद सोडा. दर महिन्याला नवा ईसीजी, नवा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) काढणारे मला ठाऊक आहेत. रिपोर्टने दोन दिवस बरं वाटतं आणि पुन्हा शंका येते. तेही टाळण्यासारखंच एक व्यसन आहे.

कोणाकडे जायचं

सायकियाट्रिस्ट एमबीबीएस करून एमडी, डीएनबी किंवा डीपीएम झालेला असतो आणि औषध लिहू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध लिहीत नाही, थेरपी देतो. त्याचं नाव आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेलं आहे का हे विचारायला लाजू नका. "लाइफ कोच", "हीलर", "माइंड एक्स्पर्ट" या पाट्यांमागे काय शिक्षण आहे हे पाटीवरून कळत नाही. दुखणं मध्यम असेल तर थेट थेरपिस्टकडून सुरुवात केली तरी चालतं. पण तीव्र असेल, झोप-जेवण गेलं असेल, घराबाहेर पडणं बंद झालं असेल, तर माझं मत आहे की आधी सायकियाट्रिस्ट. ज्याला तीन रात्री झोप नाही त्याच्याकडून थेरपीतला गृहपाठ होत नाही.

मुंबईत पैशांमुळे उपचार अडावेत अशी परिस्थिती नाही. परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, सायनचं लोकमान्य टिळक आणि जुहूचं कूपर ही महापालिकेची, भायखळ्याचं जेजे राज्य सरकारचं. इथे मानसोपचाराची ओपीडी आहे आणि केसपेपरचे पैसे किरकोळ असतात. सकाळी लवकर पोचा, चौकशीच्या खिडकीवर "सायकियाट्री ओपीडी कोणत्या दिवशी, कुठे" एवढं विचारा आणि डबा-पाणी बरोबर ठेवा, कारण वाट बघावी लागते. आधी निवासी डॉक्टर सविस्तर विचारतात, मग वरिष्ठ बघतात. पुढच्या वेळी डॉक्टर बदललेला असू शकतो, म्हणून स्वतःची फाइल ठेवा. गर्दी, बाकं, आवाज हे सगळं आहेच. पण तिथे ज्या तऱ्हेचे आणि जितके पेशंट बघितले जातात तेवढा अनुभव चकचकीत क्लिनिकमध्ये असेलच असं नाही. खासगीत पहिली भेट हजार ते अडीच हजारांच्या घरात जाते, दक्षिण मुंबईत आणखी वर. ठाण्याकडच्या लोकांसाठी डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. 'टिस'ची (टाटा समाजविज्ञान संस्थेची) आयकॉल ही फोन, ईमेल आणि चॅटवरची समुपदेशन सेवा फुकट आहे. ओपीडीची तारीख लांबची मिळाली तर मधल्या काळात तिचा आधार होतो.

पहिल्या भेटीत बोलताना गडबडायला होतं, म्हणून एका कागदावर लिहून न्या: कधीपासून, काय होतं, काय टाळता, कोणत्या गोळ्या चालू आहेत. आयुर्वेदिक, होमिओपॅथी, जिमची पावडर, सगळं. चार गोष्टी मात्र कितीही अवघड वाटल्या तरी लपवू नका: दारू-तंबाखू-गांजा, मरणाचे विचार, गरोदरपण किंवा त्याची शक्यता, आणि आयुष्यात कधी झोप न घेताही अनेक दिवस अफाट उत्साह आला होता का. ही शेवटची गोष्ट लोकांना फालतू वाटते, पण ती बायपोलरची, म्हणजे मन कधी फार वर तर कधी फार खाली जाण्याच्या आजाराची, खूण असू शकते आणि त्यावर औषधाची निवडच बदलते. निघताना विचारा: निदान काय, कोणती गोळी कशासाठी, यातली कोणती थोड्या दिवसांत बंद करायची आहे, आणि फरक पडला नाही तर पुढचा बेत काय. उत्तरं त्याच कागदावर लिहून घ्या.

मुख्य गोळी

चिठ्ठीत एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन यापैकी एखादं नाव दिसलं तर ती एसएसआरआय गटातली गोळी. व्हेनलाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन ही जवळच्या एसएनआरआय गटातली. माहितीच्या कागदावर "डिप्रेशनसाठी" वाचून अनेकजण परत येतात: "मला डिप्रेशन नाही, चुकीचं दिलंय." चुकीचं नाही. अँग्झायटीसाठीही पहिल्यांदा हाच गट वापरतात.

हिची पंचाईत अशी की सुरुवात वाईट होते. पहिले आठ-दहा दिवस मळमळ, डोकं दुखणं, जुलाब, आणि कधीकधी अस्वस्थपणा कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. फायदा जाणवायला दोन ते सहा आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला त्याहून जास्त. म्हणजे त्रास आधी आणि गुण नंतर. नेमक्या याच फटीत लोक गोळी सोडतात आणि "सूट झाली नाही" म्हणतात. म्हणूनच अँग्झायटीत डॉक्टर छोट्या डोसने सुरू करतात, उदाहरणार्थ एस्सिटालोप्रॅम पाच मिलिग्रॅमने, आणि मग दहावर नेतात. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. झोप उडत असेल तर सकाळी, गुंगी येत असेल तर रात्री, पण वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना फोन करा. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलताना मरणाचे विचार वाढू शकतात, तेव्हा घरच्यांनी जास्त लक्ष ठेवायचं आणि काही वेगळं दिसलं की लगेच कळवायचं.

काउंटरवर कोणी विचारत नाही अशी एक गोष्ट आहे. या गोळ्यांनी लैंगिक इच्छा कमी होणं, तृप्तीला उशीर लागणं हे बऱ्याच जणांना होतं. नवरा-बायको एकमेकांवर रुसतात आणि कारण स्ट्रिपमध्ये असतं. डॉक्टरांना सांगा. डोस कमी करणं, गोळी बदलणं असे मार्ग असतात. कोणी तरी सांगेल म्हणून वाट बघत बसू नका.

माझ्या कामातलं आणखी थोडं. या गोळ्यांवर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी वरचेवर घेतली तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रामाडॉल ही दुखण्याची गोळी आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध यांच्याशीही जमत नाही. म्हणून सर्दी-खोकल्याला दुकानातून काही नेताना "माझी ही गोळी चालू आहे" एवढं सांगा. गर्दीत मोठ्याने बोलायची लाज वाटत असेल तर मोबाइलवर नाव दाखवा, आम्हाला कळतं. घरातल्या वयस्कर माणसाला ही गोळी सुरू झाल्यावर गोंधळल्यासारखं, झोकांड्या गेल्यासारखं दिसलं तर रक्तातलं सोडियम तपासायला हवं.

छोटी गोळी

अल्प्राझोलाम, क्लोनॅझेपाम, लोराझेपाम, इटिझोलाम. अर्ध्या-पाऊण तासात शांत वाटतं. वाईट औषध नाही. मुख्य गोळी लागू पडेपर्यंतचे पहिले काही आठवडे काढायला ती फार उपयोगी पडते. पण ती सावकाराच्या कर्जासारखी आहे: पैसे लगेच हातात, व्याज नंतर. रोज घेतली तर काही आठवड्यांतच शरीर तिच्यावर अवलंबून राहू लागतं, मग तोच डोस पुरत नाही आणि सोडायला गेलं की आधीपेक्षा जास्त घाबरं होतं. दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावून जीवावर बेतू शकतं. म्हाताऱ्या माणसांत पडणं, विसरणं वाढतं. गोळी घेऊन स्कूटर चालवू नका.

अल्प्राझोलाम शेड्यूल एच-वन या सरकारी यादीत आहे. १ मार्च २०१४ पासून तिची नोंद आम्हाला वेगळ्या रजिस्टरमध्ये करावी लागते: डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिली. ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. चिठ्ठीशिवाय मी देत नाही म्हणून रागावणारे जुने गिऱ्हाईक मला आहेत. चिठ्ठीशिवाय सहज देणारं दुकान सापडलं म्हणून खूश होऊ नका.

इथे एक बारीक गोष्ट, जी चिठ्ठीत दिसत नाही. बाजारात एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनॅझेपाम एकाच गोळीत घातलेल्या कितीतरी ब्रँड आहेत, नावाच्या शेवटी "प्लस" किंवा तसलंच काहीतरी लावलेलं असतं. सुरुवातीला सोय होते. पण एक औषध वर्षभर ठेवायचं आणि दुसरं महिन्याभरात काढायचं असेल तर एकत्र गोळीत ते करणार कसं? माणूस वर्षभर दोन्ही घेत राहतो आणि आपण फक्त "ती चांगली गोळी" घेतो आहोत असं समजतो. स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरातली घटक-औषधं वाचा. दोन नावं दिसली तर पुढच्या भेटीत विचारा, "ही वेगवेगळी करून देता का?"

प्रोप्रानोलॉल नावाची गोळी धडधड आणि हात कापणं रोखते, भाषण किंवा प्रेझेंटेशनपुरती देतात. दमा असेल तर ती चालत नाही. मुख्य गटाने भागलं नाही तर डॉक्टर गोळी बदलतात, बुस्पिरोन किंवा प्रीगॅबालिनचा विचार करतात. पहिल्या गोळीने गुण नाही आला म्हणजे सगळं संपलं असं नसतं.

थेरपी

औषधाने भावाची झोप परत आली, धडधड कमी झाली. पण लोकलमध्ये तो चढला नाही. ते काम थेरपीचं होतं. अँग्झायटीवर सर्वात जास्त अभ्यास झालेली पद्धत सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी, ती साधारण बारा ते सोळा बैठकांची असते. आपल्याकडे तिच्याच जवळची आरईबीटी, म्हणजे आततायी समजुती तपासून बदलणारी थेरपी, हीही बरीच चालते. अल्बर्ट एलिस यांनी ती १९५५ च्या सुमारास मांडली आणि कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली, त्यामुळे मराठीत काम करणारे लोक मिळतात. भाषेबद्दल माझं ठाम मत: ज्या भाषेत तुम्ही घरात भांडता त्या भाषेचा थेरपिस्ट शोधा.

चांगली थेरपी म्हणजे नुसतं मन मोकळं करणं नव्हे. भावाच्या थेरपिस्टने आधी कागदावर गोल काढून दाखवला. छातीत जरा धडधड, "अटॅक येतोय" हा विचार, त्या भीतीने आणखी धडधड, त्यावरून विचार आणखी पक्का. मग हा गोल मुद्दाम तोडायचे प्रयोग. जागच्या जागी पळून धडधड आणायची, स्ट्रॉमधून श्वास घेऊन गुदमरल्यासारखं करायचं, खुर्चीत गरगर फिरून चक्कर आणायची आणि बघायचं की काहीच होत नाही. हे थेरपिस्टसमोर, आणि हृदय-दमा-गरोदरपण तपासल्यावरच करायचं.

त्यानंतर पायऱ्या. बोरिवलीच्या प्लॅटफॉर्मवर दुपारी नुसतं उभं राहायचं, गाड्या जाऊ द्यायच्या. मग वहिनीबरोबर रिकाम्या स्लोने कांदिवली. मग एकट्याने मालाड. स्लोने अंधेरी. दुपारची फास्ट, बोरिवली ते अंधेरी. तीच सकाळच्या गर्दीत. आणि सगळ्यात वर एसी लोकल, कारण तिची दारं आपोआप बंद होतात. नियम दोनच होते. भीती चढली तरी उतरायचं नाही, ती आपोआप उतरेपर्यंत थांबायचं. आणि एक पायरी कंटाळवाणी वाटेपर्यंत पुढची नाही.

मालाडच्या पायरीवर तो अडला. गाडीत बसायचा, पण खिशात हात घालून. थेरपिस्टने विचारलं, खिशात काय आहे? क्लोनॅझेपामची स्ट्रिप होती. घ्यायचा नाही, पण असायची. पाण्याची बाटली, सतत फोनवर बायको, दाराजवळचीच जागा, ही सगळी त्याच स्ट्रिपची भावंडं. "गोळीमुळे वाचलो" असं मनाने धरलं तर "मी गाडीत बसू शकतो" हे मन कधीच शिकत नाही. म्हणून अशा सरावाआधी छोटी गोळी घेत नाहीत. रोजची मुख्य गोळी मात्र चालू ठेवायची. स्ट्रिप घरी ठेवून निघाला त्या दिवशी कांदिवलीलाच त्याला घाम फुटला, आणि मालाड येईपर्यंत तो बसून राहिला.

थेरपिस्ट बैठकीनंतर काही करायला देत नसेल, काय साध्य करायचं ते कधीच ठरवत नसेल, आणि सहा-सात बैठका झाल्यावरही बालपणाच्याच गप्पा चालल्या असतील, तर विचारा. उत्तर पटलं नाही तर बदला. एका बैठकीला हजार ते तीन हजार जातात. कमी पैशांत बघतात का, हे विचारण्यात कमीपणा नाही, अनेकजण बघतात.

बाकीचं

पॅनिक अटॅकच्या वेळी जोरजोराने श्वास घेतल्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानेच बोटांना मुंग्या येतात. म्हणून श्वास सोडणं लांबवा, घेणं नाही. कागदी पिशवी तोंडाला लावू नका.

चालणं, प्राणायाम, वेळेवर झोप यांनी मदत होते, पण तीव्र दुखण्यात ते उपचाराच्या जोडीला, उपचाराऐवजी नाही. "इगतपुरीला विपश्यनेला जाऊन ये" हा सल्ला हमखास मिळतो. दहा दिवस मौनात स्वतःच्या विचारांबरोबर बसणं तीव्र अवस्थेत झेपेलच असं नाही. आधी डॉक्टरांना विचारा आणि अर्जात आजार लपवू नका. अश्वगंधा "नैसर्गिक" म्हणून परस्पर सुरू करू नका. तिने यकृताला त्रास झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत आणि थायरॉइडवरही परिणाम होऊ शकतो. आरटीएमएस म्हणजे चुंबकीय लहरींचा उपचार हल्ली जाहिरातीत दिसतो. त्याचं मुख्य काम डिप्रेशन आणि ओसीडीमध्ये (तेच तेच विचार आणि कृती पुन्हापुन्हा होण्याच्या आजारात) आहे. अँग्झायटीसाठी मोठं पॅकेज विकत घेण्याआधी दुसऱ्या सायकियाट्रिस्टचं मत घ्या. उतारे, गंडे यांवर मी शब्द खर्च करत नाही.

घरच्यांना एवढंच: "टेन्शन घेऊ नकोस" म्हणू नका आणि त्याची सगळी कामंही अंगावर घेऊ नका. वहिनी वाणसामान आणायची तो प्रेमाचा भाग होता, पण थेरपिस्टने तेही हळूहळू थांबवायला सांगितलं.

पैसे, विमा, ऑफिस

एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिनसारखी औषधं जनऔषधी केंद्रात ब्रँडच्या मानाने खूप स्वस्त पडतात. माझ्या धंद्याच्या विरोधात सांगते आहे, पण वर्षभराचा खर्च असेल तर तिथे जा. कंपनी मात्र सारखी बदलू नका, आणि बदलली तर घटक आणि मिलिग्रॅम जुळवून बघा.

मानसिक आरोग्य काळजी कायदा २०१७ चा, अमलात आला २९ मे २०१८ ला. त्यानुसार विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच वागवायचं आहे. पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्यावरचाच खर्च देतात. ओपीडीचं कव्हर वेगळं घेतलं आहे का ते बघा. पॉलिसी घेताना आजार लपवला तर पुढे क्लेम अडतो. याच कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ऑफिससाठी सर्टिफिकेट हवं असेल तर त्यात काय लिहायचं याबद्दल आधी डॉक्टरांशी बोला. तपशील न लिहिता विश्रांतीची गरज एवढंच लिहिलेलंही बऱ्याच ठिकाणी चालतं.

बंद करताना

बरं वाटायला लागलं की गोळी सोडायचा मोह होतो. सहसा बरं वाटल्यानंतरही सहा महिने ते वर्षभर मुख्य गोळी चालू ठेवतात आणि मग आठवड्या-महिन्यांनी डोस उतरवतात. एकदम थांबवली तर चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके येतात. पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिनमध्ये हे जास्त. याला लोक "सवय लागली" म्हणतात. हे व्यसन नव्हे, यात डोस वाढवत न्यावासा वाटत नाही, पण त्रास खरा असतो. छोटी गोळी रोज बरेच दिवस घेत असाल तर ती एकदम बंद करणं धोक्याचं आहे, फिट येऊ शकते. तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवायची. दिवस राहिले असं कळल्यावरही स्वतःहून बंद करू नका, त्याच दिवशी फोन करा.

आणि गणपती. दरवर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी बॅगा भरून लोक दुकानात येतात आणि चिठ्ठी सापडत नसते. गावी तालुक्याच्या दुकानात तुमचा ब्रँड मिळेलच असं नाही, आणि परतीची गाडी कधी मिळेल तेही सांगता येत नाही. निघायच्या आठवडाभर आधी चिठ्ठी ताजी करून घ्या, सुट्टीपेक्षा आठ-दहा दिवसांच्या जास्त गोळ्या घ्या, त्या हातातल्या पिशवीत ठेवा आणि चिठ्ठीचा फोटो घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलवर पाठवून ठेवा.